पुण्याईचा ताठा आणि कृपेची देणगी

धर्माचरण जसजसे काटेकोर होत जाते तसतसा ते करणाऱ्याच्या मनात आपण इतरांहून बरे असल्याचा भाव मूळ धरू लागतो, हा अनुभव कोणत्याही एका धर्मापुरता मर्यादित नाही. ख्रिस्ती धर्मपरंपरेने मात्र या भावाकडे किरकोळ स्वभावदोष म्हणून पाहिले नाही. उघड पाप करणाऱ्याला आपले चुकले आहे हे निदान कळते, पण स्वतःच्या सद्गुणांवर खूश असलेल्याला तेही कळत नाही, म्हणून हा भाव अधिक घातक, असे तिने मानले आणि त्यावरचा उतारा म्हणून 'कृपा' ही संकल्पना आपल्या धर्मविचाराच्या केंद्रस्थानी ठेवली. कृपा म्हणजे माणसाने न कमावलेला, त्याच्या लायकीवर न बेतलेला आणि म्हणूनच त्याला स्वतःची मिळकत म्हणून मिरवता न येणारा देवाचा अनुग्रह. याउलट, आपल्या सदाचरणाच्या जोरावर आपण देवापुढे ताठ मानेने उभे राहू शकतो, किंबहुना देवच आपले काही देणे लागतो, ही समजूत म्हणजे स्वनीतिमत्त्व. मराठी बायबलमध्ये 'नीतिमान' म्हणजे देवाच्या न्यायासनापुढे निर्दोष ठरलेला माणूस. माणसाने चांगले वागावे याबद्दल ख्रिस्ती परंपरेत कधीच दुमत नव्हते. त्याला निर्दोष ठरवण्याचा अधिकार त्याच्या स्वतःच्या हिशेबाला की देवाच्या दयेला, एवढाच वादाचा मुद्दा होता.

स्वनीतिमत्त्वाची लागण उनाडांना सहसा होत नाही. उपास करणाऱ्याला, दान देणाऱ्याला, नेमाने उपासनेला जाणाऱ्याला ती होते. धर्मात जितके खोल जावे तितका तिचा धोका वाढतो, आणि कृपेचा सिद्धान्त तोंडपाठ असणारेही तिच्यातून सुटत नाहीत. ख्रिस्ती इतिहासातील काही ठळक प्रसंग एकामागून एक तपासले तर या दुखण्याची एक कायमची खूण हाती लागते : ते जडलेला माणूस स्वतःचे मोजमाप नेहमी शेजारच्या माणसाकडे पाहून करतो.

मंदिरात गेलेले दोघे

या विषयाचा मूळ आधार म्हणजे लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेला दाखला. दोन माणसे यरुशलेमच्या मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी आणि दुसरा जकातदार. परूशी हा यहुदी समाजातील एका धर्मनिष्ठ पंथाचा सदस्य. देवाने मोशेमार्फत दिलेले नियमशास्त्र दैनंदिन जीवनाच्या बारीकसारीक व्यवहारांत पाळावे, असा या पंथाचा आग्रह असे. यहुदी इतिहासकार जोसेफस याने हेरोद राजाच्या काळातील परूश्यांची संख्या सहा हजारांहून अधिक असल्याचे नमूद केले आहे. जकातदार हा सत्ताधाऱ्यांच्या वतीने जकात गोळा करणाऱ्या व्यवस्थेतला माणूस. ही वसुली मक्त्याने दिली जात असल्यामुळे ठरलेल्या रकमेवर जितके अधिक उकळता येईल तितका मक्तेदाराचा नफा, आणि म्हणून लोक जकातदारांना लुटारू समजत.

दाखल्यातील परूशी देवाचे आभार मानतो, की आपण इतर माणसांसारखे लुबाडणारे, अन्यायी, व्यभिचारी नाही आणि त्या तिकडे उभ्या असलेल्या जकातदारासारखेही नाही. आपण आठवड्यातून दोनदा उपास करतो आणि जे मिळते त्या सगळ्याचा दशांश देतो. नियमशास्त्राने वर्षातून एकच उपास, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, सक्तीचा केला होता. म्हणजे हा माणूस सांगितल्यापेक्षा कितीतरी अधिक करत होता. तो खोटे बोलतो असे येशूने कुठेही सुचवलेले नाही. त्याचे उपास खरे आहेत, दशांश खरा आहे, आभारप्रदर्शनही देवालाच उद्देशून आहे; बिघडले आहे ते एवढेच, की देवापुढे उभा असताना त्याची नजर वळते ती दूर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाकडे. जकातदार डोळे वर न करता ऊर बडवतो आणि दयेची याचना करतो. त्याच्या नावावर सांगण्यासारखे एकही पुण्यकर्म दाखला जमा करत नाही, त्याची पापे खोटी होती असेही म्हणत नाही. तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, असा येशूचा निवाडा आहे.

हा निवाडा मूळ श्रोत्यांना किती धक्कादायक वाटला असेल, हे आजच्या वाचकाला सहज उमगत नाही, कारण दरम्यानच्या शतकांत ख्रिस्ती बोलण्यात 'परूशी' हा शब्द ढोंगी या अर्थाने रूढ झाला आहे. वस्तुतः ढोंगी धार्मिकतेवर परूशी परंपरेनेच कठोर टीका केली होती. तिच्या वारशातून घडलेल्या तालमूद या यहुदी ग्रंथात सात प्रकारच्या परूश्यांची यादी असून त्यांतील बहुतेकांची दिखाऊपणाबद्दल टर उडवलेली आहे. अमेरिकन अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या पौलविषयक ग्रंथात तत्कालीन यहुदी धर्माचा पायाही देवाच्या अनुग्रहावर, त्याने आपल्या प्रजेशी केलेल्या करारावर होता, हे सविस्तर दाखवून दिले. तेव्हापासून यहुदी धर्म म्हणजे पुण्याचा कोरडा जमाखर्च, हे चित्र विद्वानांनी बव्हंशी टाकून दिले आहे. परूश्याच्या दाखल्यावर प्रवचन ऐकून आपण त्या परूश्यासारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानणारा ख्रिस्ती श्रोता दाखल्यातील परूश्याच्याच जागी उभा असतो, आणि यहुदी समाजाचा शतकानुशतके झालेला द्वेष हा या चुकीचा सर्वांत भयंकर परिणाम होय.

ही चूक फार लवकर सुरू झाली, याचा एक छोटा पण बोलका पुरावा उपलब्ध आहे. 'दीदाखे' म्हणजे 'प्रेषितांची शिकवण' या नावाची एक प्राचीन पुस्तिका, जी पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचली गेली असे बहुसंख्य अभ्यासक मानतात आणि जिचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले, ती आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना आचारनियम सांगते. ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, म्हणून तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा, असा त्यात एक नियम आहे. उपास आठवड्यातून दोनच राहिले. वार बदलला, आणि शेजाऱ्यापेक्षा वेगळे दिसण्याची हौस मात्र जशीच्या तशी राहिली. पुढे पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीने बुधवार-शुक्रवारचे हेच उपास काटेकोरपणे जपले. पण ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या तयारीत ज्या रविवारी परूशी आणि जकातदार यांचा दाखला वाचला जातो, त्याच्या पुढच्या आठवड्यात हे दोन्ही उपास मुद्दाम रद्द केले जातात. उपासाचा गर्व होऊ नये म्हणून उपासच एक आठवडा थांबवणाऱ्या या रूढीत कृपेची शिकवण एखाद्या ग्रंथापेक्षाही नेमकी उतरली आहे.

घराबाहेर थांबलेला थोरला भाऊ

लूकच्याच १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला सर्वपरिचित आहे. परंतु तो सांगण्याचे निमित्त बहुधा विसरले जाते. येशू पापी लोकांबरोबर जेवतो, अशी कुरकुर परूशी आणि शास्त्री करू लागले तेव्हा त्याने हा दाखला सांगितला, आणि म्हणून त्याचा रोख वारसा उधळून परतलेल्या धाकट्यापेक्षा शेतातून परतलेल्या थोरल्या मुलावर अधिक आहे. भावासाठी मेजवानी चालली आहे हे कळल्यावर थोरला घरात पाऊल टाकत नाही. इतकी वर्षे आपण बापाची गुलामासारखी चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, तरी मित्रांबरोबर मौज करायला आपल्याला कधी एक करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार. आणि बोलताना तो धाकट्याचा उल्लेख आपला भाऊ म्हणून न करता बापाचा मुलगा म्हणून करतो. त्याचे आज्ञापालन खरे होते, पण त्यात मुलाचे प्रेम कमी आणि मजुराचा हिशेब जास्त होता, हे त्याच्याच तोंडून बाहेर पडते. बाप जसा धाकट्याला सामोरा धावला तसाच थोरल्याची समजूत घालायलाही बाहेर येतो. म्हणजे कृपेची गरज दोघांनाही आहे, फक्त एकाला ती कळली आहे. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे दाखला सांगत नाही.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात हाच विचार मजुरीच्या भाषेत येतो. मळ्याचा मालक पहाटे काही मजूर एक दिनार रोजावर ठरवतो, नंतर दिवसभरात आणखी चार वेळा मजूर आणतो, आणि संध्याकाळी तासभरच राबलेल्यांनाही पूर्ण दिनार देतो. पहाटेच्या मजुरांना ठरल्याप्रमाणे पूर्ण मजुरी मिळाली आहे. दुसऱ्याला आपल्याइतकेच मिळाले, हेच त्यांचे दुःख आहे. परूशी, थोरला भाऊ आणि पहाटेचे मजूर या तिघांचेही स्वतःचे काही कमी झालेले नाही. ज्या मापाने ते स्वतःला मोठे समजत होते ते मापच देवाने बाजूला ठेवले, याचा त्यांना राग आहे.

अंत्युखियातील पंक्तिभेद

कृपेच्या विचाराला सिद्धान्ताचे रूप दिले ते प्रेषित पौलाने. तो स्वतः परूशी होता, आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या धार्मिक प्रतिष्ठेची यादीच दिली आहे : आठव्या दिवशी सुंता, बन्यामीनाचे कूळ, नियमशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आचरण. ही सगळी जमा आपण आता तोट्याच्या खात्यावर मांडली आहे, कारण ख्रिस्तावरील विश्वासाने मिळणारे नीतिमत्त्व हे कमावलेले नसून दिलेले आहे, असे तो पुढे सांगतो. 'विश्वासाने नीतिमान ठरणे' हा जो ख्रिस्ती धर्मशास्त्रातील गाजलेला सिद्धान्त, त्याचे मूळ येथे आणि रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे.

गलतीकरांस पत्रात हा सिद्धान्त जेवणाच्या पंगतीवरून निघालेल्या भांडणातून पुढे येतो, ही गोष्ट मराठी वाचकाच्या विशेष लक्षात येईल. अंत्युखिया या सिरियातील शहरात यहुदी आणि बिगरयहुदी ख्रिस्ती एकत्र जेवत असत, आणि येशूचा प्रमुख शिष्य पेत्र हाही त्यांच्याबरोबर बसत असे. परंतु यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडचे काही लोक आले तेव्हा तो त्यांच्या भीतीने मागे सरला आणि वेगळा जेवू लागला, आणि त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्तीही वेगळे झाले. पौलाने सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली. त्याचा युक्तिवाद असा, की देवाने सर्वांना एकाच कृपेने स्वीकारले असेल, तर जन्म, सुंता किंवा आहारनियम यांच्या आधारे पंगतीत वरचा-खालचा ठरवणे म्हणजे ती कृपाच नाकारणे. स्वनीतिमत्त्व व्यक्तीच्या मनात असते तसेच ते समूहाच्या चालीरीतीतही असते, हा या प्रसंगाचा अर्थ आहे.

भारतातील ख्रिस्ती समाजाला हा धडा फार जवळचा ठरला. तमिळ प्रदेशातील कित्येक प्रोटेस्टंट मंडळ्यांत वेल्लाळ जातीचे ख्रिस्ती आणि दलित ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात वेगवेगळे बसत आणि येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून होणाऱ्या प्रभुभोजनाच्या वेळी उच्च जातीचे आधी आणि दलित नंतर पुढे येत. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनिअल विल्सन यांनी १८३३ साली पत्रक काढून ही प्रथा निरपवादपणे बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक वेल्लाळ कुटुंबांनी मंडळीशी संबंध तोडणे पत्करले, पण पंगतीतला भेद सोडला नाही. कृपेचा सिद्धान्त मान्य असूनही जातीचा ताठा सुटला नव्हता, आणि दलित ख्रिस्ती समाजाचा त्याविरुद्धचा झगडा आजही संपलेला नाही.

ऑगस्टीनपासून लूथरपर्यंत

पौलानंतर या विषयावरचा सर्वांत मोठा वाद पाचव्या शतकाच्या आरंभी झाला. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलागियस हा विरक्त वृत्तीचा धर्मोपदेशक तेथील ख्रिस्ती लोकांची सुखासीन ढिलाई पाहून अस्वस्थ झाला. देव अशक्य गोष्टींची आज्ञा करणार नाही, तेव्हा माणसाने मनावर घेतले तर तो चांगला वागू शकतो आणि दुर्बलतेची सबब सांगणे हा आळस आहे, असे त्याचे म्हणणे होते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याला स्वतःच्या तारुण्यातील अनुभवावरून ठाऊक होते, की काय चांगले हे कळूनही माणसाची इच्छाशक्तीच त्याला दगा देते. म्हणून आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनात त्याने देवाकडे अशी याचना केली होती, की जे करण्याची आज्ञा तू देतोस ते करण्याचे बळही तूच दे. ही प्रार्थना ऐकून पेलागियस संतापला, असे खुद्द ऑगस्टीननेच नोंदवले आहे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसची मते अमान्य केली. पेलागियसचा हेतू शुद्ध होता आणि समाजावरची त्याची टीकाही रास्त होती, हे विसरू नये. परंतु त्याच्या शिकवणीत जो सावरला त्याला फुशारकी मारायला आणि जो घसरला त्याला निराश व्हायलाच जागा उरत होती.

अकराशे वर्षांनी जर्मनीत मार्टिन लूथर (१४८३–१५४६) याच्या रूपाने हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १५०५ साली एरफुर्टच्या मठात दाखल झालेला हा तरुण साधू उपास, जागरणे आणि तासन्‌तास चालणारे पापनिवेदन करूनही देव आपल्यावर प्रसन्न आहे याची खात्री पटवून घेऊ शकत नव्हता. रोमकरांस पत्राच्या अभ्यासातून, देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शासन करणारा न्याय नसून विश्वास ठेवणाऱ्याला दिलेले दान आहे, हा अर्थ आपल्याला उलगडला, असे त्याने १५४५ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत सांगितले. पापाची शिक्षा पैशाच्या मोबदल्यात माफ झाल्याची प्रमाणपत्रे विकली जात होती, त्याविरुद्ध त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ कलमे मांडली आणि त्यातून पश्चिमेकडील ख्रिस्ती जग दुभंगले. ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, हे लूथरचे सूत्र स्वनीतिमत्त्वाच्या मुळावरच घाव घालते, कारण त्यानुसार कोणताही संत कधीही दयेच्या गरजेतून मुक्त होत नाही.

कॅथलिक पंथ कृपेऐवजी कर्मावर भर देतो, हा समज मात्र चुकीचा आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी संमत केलेल्या निर्णयात, कृपेशिवाय केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचाच सर्वप्रथम निषेध आहे. भेद एवढाच, की कृपेने जागा झालेला माणूस तिला आपल्या इच्छेने साथ देतो, यावर कॅथलिक शिकवण जोर देते. हा भेद भारतीय वाचकाला अपरिचित वाटू नये. दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांत, माकडाच्या पिल्लाने आईला घट्ट धरून ठेवावे तसे भक्ताने देवाला धरावे, की मांजरीने पिल्लाला तोंडात धरून न्यावे तसे सारे देवानेच करावे, यावरून वडकलै आणि तेंकलै असे दोन पक्ष पडले. जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटो यांनी भारतातील या कृपाविचाराची ख्रिस्ती विचाराशी तुलना करणारे पुस्तक १९३० साली प्रसिद्ध केले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, या सिद्धान्ताच्या गाभ्याबाबत आपले एकमत असल्याचे जाहीर केले. ज्या शिकवणीने माणसाचा अहंकार मोडायचा, तिच्यावरूनच दोन्ही बाजूंनी जवळजवळ पाचशे वर्षे एकमेकांना हीन लेखावे, यात स्वनीतिमत्त्वाची चिवट ताकद दिसून येते.

पंडिता रमाबाईंचा प्रवास

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील अँग्लिकन धर्मभगिनी जेराल्डीन या त्यांच्या मार्गदर्शक होत्या; परंतु रमाबाई पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि धर्माधिकाऱ्यांच्या अधिकाराविषयी प्रश्न विचारू लागल्या तेव्हा त्यांच्यावर अहंकाराचा ठपका येऊ लागला. भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला असून, गुरुस्थानी असलेली व्यक्ती आपल्या मताला देवाचे मत समजू लागली की शिष्याच्या शंकेला ती किती सहज गर्व ठरवते, हे त्यातून कळते. स्वनीतिमत्त्वाचा हा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण तो नम्रतेचा उपदेश करत करतच येतो.

रमाबाईंनी मात्र तपासणीचा रोख इतरांवर न ठेवता स्वतःकडे वळवला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी कबूल केले, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण धर्माचा जो विषय तो ख्रिस्त नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र वाचताना ही जाणीव त्यांना प्रथम झाली. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील एका मंडळीचे पाळक. १८५१ साली स्वतःच दिलेले प्रवचन स्वतःलाच लागू पडते आहे असे त्यांना व्यासपीठावर उभे असतानाच जाणवले. शास्त्रार्थात कलकत्त्याच्या पंडितांची मान्यता मिळवलेल्या, स्त्रीशिक्षणाच्या कार्याने देशविदेशांत नाव झालेल्या स्त्रीने आपली विद्वत्ता आणि समाजसेवा यांपैकी काहीही देवापुढे भांडवल म्हणून ठेवता येत नाही, असे म्हणणे, हीच पौलाची तोट्याच्या खात्यावर मांडलेली यादी होय.

या जाणिवेचे पुढे काय झाले हे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे दिसते. दुष्काळातून वाचवून आणलेल्या स्त्रिया आणि मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी 'कृपासदन' नावाचे एक स्वतंत्र घर सुरू केले, आणि ज्या स्त्रियांना समाज पतित म्हणून झिडकारत होता त्यांना तेथे आसरा दिला. आधी सुधारा मग दार उघडू, ही अट तेथे नव्हती. दार आधी उघडले गेले आणि शिक्षण, काम, प्रार्थना हे सारे नंतर आले. आधी स्वीकार आणि मग परिवर्तन, हा कृपेच्या शिकवणीतला क्रम या घराच्या रोजच्या व्यवहारात उतरला होता.

स्वस्त कृपा आणि नम्रतेचा गर्व

कृपेवर एवढा भर दिला तर माणसे बेफिकीर होतील, हा आक्षेप पौलाच्या काळापासूनचा आहे, आणि रोमकरांस पत्रात त्याने स्वतःच तो मांडून खोडून काढला आहे. याकोबाच्या पत्राने कर्माविना असलेल्या विश्वासाला निर्जीव ठरवले. विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तानुसरणावरील ग्रंथात, पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि अनुसरणाशिवाय तारण वाटणाऱ्या शिकवणीला 'स्वस्त कृपा' असे नाव दिले. हिटलरच्या राजवटीशी जुळवून घेणारी जर्मन मंडळी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्या राजवटीविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. कृपा माणसाला फुकट मिळते, पण ती मिळाल्यावर माणूस पूर्वीसारखा राहू शकत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. स्वस्त कृपा आणि स्वनीतिमत्त्व ही वरवर विरुद्ध टोके वाटली तरी दोहोंचा परिणाम एकच होतो : स्वतःच्या पापाकडे पाहण्याची गरज दोन्ही संपवतात, एक म्हणते पाप क्षुल्लक आहे, दुसरे म्हणते ते दुसऱ्याचे आहे.

याहून सूक्ष्म धोका नम्रतेच्या गर्वाचा आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत स्वतःच्या जीवनातील देवाच्या कार्याविषयी सर्वांसमोर 'साक्ष' देण्याची पद्धत आहे. तीत पूर्वायुष्यातील पापाचे वर्णन जितके भडक तितकी साक्ष प्रभावी, असा हिशेब शिरला की जकातदाराची छाती बडवणेही मिरवण्याची गोष्ट होते. कॅथलिक परंपरेत राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून उपवासकाळ सुरू होतो, आणि त्याच दिवशी मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील, उपास करताना तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपास लोकांना दिसणार नाही, या अर्थाचा उतारा मिस्सामध्ये, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, वाचला जातो. आचार आणि आचाराला दिलेला इशारा एकाच उपासनेत शेजारी ठेवण्याची ही योजना सूज्ञपणाची आहे, कारण धर्माला आचार टाळता येत नाही आणि आचाराला गर्वाचा धोका टाळता येत नाही.

म्हणून एखाद्या माणसाची किंवा मंडळीची कृपेवर खरोखर श्रद्धा आहे की नाही, हे तिच्या जाहीर धर्ममतांवरून ठरत नाही. कोणी घसरला तर त्याच्याविषयी कोणत्या सुरात बोलले जाते, उशिरा आलेल्याला पंगतीत कोठे बसवले जाते, आणि शंका विचारणाऱ्याला उत्तर मिळते की ठपका, या तीन ठिकाणी तिची परीक्षा होते. या परीक्षेत जी मंडळी नापास होते तिने कृपेवर कितीही प्रवचने केली तरी ती परूश्याचीच प्रार्थना पुन्हा म्हणत असते. आणि ही कसोटी शेजारच्या मंडळीला लावण्याआधी प्रत्येकाने ती स्वतःला लावावी, हेच दाखल्याचे मागणे आहे.